वस्तु आणि ओळख

मनुष्य वस्तु घेतो ती केवळ गरजेकरितां, असें आपणांस वाटतें. परंतु किंचित् विचार केला असतां दिसून येईल कीं, वस्तूबरोबर आपण 'मी कोण आहें' ह्याची एक खूणही विकत घेत असतों. ह्याविषयीं तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या.

पहिली, देखावा. 1899 सालीं थॉर्स्टीन व्हेब्लेन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें धनिक वर्गाविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, संपत्ति पेटींत असून मान मिळत नाहीं. ती लोकांच्या दृष्टीस पडावी लागते. म्हणून श्रीमंत देखाव्याकरितां खर्च करितो, व त्याच्या खालचा त्याचें अनुकरण करितो.

दुसरी, वस्तूंची साखळी. फ्रेंच ग्रंथकार देनी दिदरो ह्यानें 1769 च्या सुमारास एक निबंध लिहिला. जुन्या झग्याच्या टोकानें तो पुस्तकांवरील धूळ पुशी. नवा उंची झगा आला, आणि खोलींतील साधें सामान त्यास शोभेना. गवताची खुर्ची जाऊन चामड्याची आली, साधें मेज जाऊन मोलाचें आलें. 1988 सालीं मानवशास्त्रज्ञ ग्रँट मॅकक्रॅकन ह्यांनीं ह्यास 'दिदरो-परिणाम' असें नांव दिलें. आपल्याकडेही लग्नाकरितां घरास रंग दिला कीं जुना पलंग डोळ्यांत सलतो. पाठोपाठ कपाट येतें, आणि रंग विटला तरी हप्ते फिटत नाहींत.

तिसरी, मान. तरी चांगलें नेसणें म्हणजे गर्वच, असें कोणी म्हणूं नये. 1927 च्या डिसेंबरांत महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जमलेल्या स्त्रियांस सांगितलें कीं, ज्या नेसण्यावरून व दागिन्यांवरून अस्पृश्य म्हणून ओळख पटते, तें नेसणें व ते दागिने सोडून द्यावे. तेथें वस्त्र हें देखाव्याचें नव्हे, माणुसकीचें साधन झालें.

वस्त्र दोन्ही ठिकाणीं आहे. परंतु महाडास दुसऱ्यानें लादलेली खूण उतरली, आणि दिदरोच्या खोलींत घेणाराच वस्तूंचा बांधील झाला. ह्यास्तव खरेदीपूर्वीं एवढेंच पाहावें, असें आम्हांस वाटतें: ह्या वस्तूनें मानेवरचें जूं उतरतें, कीं नवें चढतें?

वर्गांत विचारावयाचे प्रश्न:
1. शेजाऱ्यानें पाहिली नसती, तरी आपण ती वस्तु घेतली असती काय?
2. तिच्यामागून आणखी काय घ्यावें लागेल?
3. तिचा हप्ता कोणाच्या श्रमांतून जाईल?