स्टॉलचं भाडं वसूल कसं करावं?

प्रदर्शनात जाऊन पत्रकं आणि फुकटच्या पिशव्या गोळा करणं आपल्याला छान जमतं. पण टेबलाच्या पलीकडे उभं राहायचं तर अभ्यास लागतो. नागपूरला 2009 पासून 'ॲग्रोव्हिजन' भरतं, पुण्याजवळ मोशीला 'किसान' भरतं. अशाच एका कृषी प्रदर्शनात आम्ही चौघांनी धानाच्या बांधीत चालणारं निंदणाचं यंत्र मांडलं. भाडं होस्टेलच्या वर्गणीतून भरलेलं, त्यामुळे हिशेब द्यायचाच होता!

मी बिरसीचा. लोक आमचं गाव विमानतळामुळे ओळखतात, पण कुंपणापलीकडे सगळं धानच. निंदून निंदून आईची कंबर गेली, ते पाहिलंय. म्हणून बोर्डावर यंत्राचं इंग्रजी नाव न टाकता 'न वाकता निंदण' एवढंच लिहिलं, दहा फुटांवरून वाचता येईल असं. बाया तिथंच थांबायच्या.

टेबलावर ठेवलेलं यंत्र म्हणजे शोभेची वस्तू. आम्ही पत्र्याच्या ट्रेमध्ये चिखल केला, परे रोवले आणि येईल त्याच्या हातात दांडा दिला. 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस लिफ्टच्या पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने वरचा दोर कापायला लावला. पाळणा जागीच अडकला. सेफ्टी ब्रेकवर त्याने नुसतं भाषण दिलं असतं तर कोण थांबलं असतं? आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन नासते असा समज. असले समज पत्रकाने जात नाहीत.

दोघांनी बोलायचं, एकाने लिहायचं, चौथ्याने जेवून यायचं, अशी पाळी लावा. खुर्च्या मागे ढकला. बसलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही. वहीत नुसते नाव-नंबर नकोत. गाव, किती एकर आणि मुख्य म्हणजे त्याची शंका, त्याच्याच शब्दांत.

एक गोष्ट मात्र जाण्याआधीच करायची. नवीन कल्पना असेल तर पेटंटचा निदान तात्पुरता अर्ज करूनच निघा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. आधी जगाला दाखवलं तर नावीन्य संपतं. 1970 च्या कायद्यातल्या कलम 31 ची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे, कुठल्याही मांडवाला ती लागू नाही.

परतल्यावर आठवड्याच्या आत फोन करा, नाहीतर लोक विसरतात. आमच्या वहीत 62 नावं होती. विक्री झाली दोनच यंत्रांची, पण 17 जणांची शंका एकच : "आमच्याकडे बाया ओळीत रोवत नाहीत, मग हे चालंल कुठून?" दोन यंत्रांच्या पैशांपेक्षा मला ही शंका मोलाची वाटते. तिसऱ्या वर्षाची पोरं आता रोवणीसाठी ओळी आखायचं साधन बनवताहेत. चिखलाचा ट्रे वर्कशॉपमध्ये ठेवलाय, त्यांनी तो खुशाल न्यावा.