रत्नांचे कूळ

माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नील, गोमेद आणि लसण्या यांना भारतीय परंपरेत नवरत्ने म्हणतात. राजाचा मुकुट असो की नववधूची अंगठी असो, रत्न जडविले म्हणजे दागिन्याला निराळीच शोभा येते. परंतु या तेजस्वी रत्नांचे कूळ शोधू लागले, की मन थक्क होते.

सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याच्या चाकात कुरुंद नावाच्या कठीण खनिजाची पूड वापरतात. माणिक आणि नील ही दोन्ही रत्ने याच कुरुंदाच्या कुळातील होत. ॲल्युमिनियम व प्राणवायू यांच्या संयोगाने बनलेला शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्यात क्रोमियमचा अल्पसा अंश मिसळला, की तो लाल होतो, तेच माणिक. लोह व टायटेनियम यांचा अंश मिसळला, की तो निळा होतो, तोच नील.

हिऱ्याचे कूळ याहूनही साधे. कोळशात जो कार्बन असतो, त्याचाच हिरा बनतो. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली हिरा जाळून ही गोष्ट सिद्ध केली. भूपृष्ठाखाली सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल, प्रचंड दाब व उष्णता सोसून कार्बनाचा हिरा होतो आणि ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर तो वर येतो. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरविणारा प्रमुख देश भारतच होता. कृष्णाकाठची कोल्लूरची खाण त्यासाठी प्रसिद्ध होती.

मोती आणि पोवळे ही मात्र खाणीतील रत्ने नव्हेत. ती सागरातील जीवांची देणगी होय. शिंपल्यातील जीवाला एखाद्या उपऱ्या पदार्थाची बाधा झाली, म्हणजे तो त्याभोवती चकचकीत थरांवर थर चढवितो. त्या दुःखातून मोती जन्मतो.

खरा हिरा घणाच्या घावाने फुटत नाही, असा एक जुना समज आहे. तो खरा नव्हे. फ्रीड्रिख मोस याने १८१२ साली मांडलेल्या काठिण्यश्रेणीत हिऱ्याचा अंक १० आणि कुरुंदाचा ९ आहे. याचा अर्थ एवढाच, की हिऱ्यावर इतर खनिजांनी ओरखडा उठत नाही. घणाचा घाव बसला, तर मात्र त्याचे तुकडे होतात. अशी परीक्षा घेणाऱ्याच्या हाती केवळ चुरा उरेल!

केवळ रंगावर विसंबणाराही असाच फसतो. ब्रिटनच्या राजमुकुटातील एक टपोरा लाल खडा कित्येक शतके माणिक म्हणून मिरवत होता. पुढे खनिजशास्त्राने परीक्षा केली, तेव्हा तो स्पिनेल नावाचे निराळेच खनिज ठरला. तरीही मुकुटातील त्याचे मानाचे स्थान आजही कायम आहे. रत्नाचे तेज डोळ्यांना दिसते; त्याचे कूळ मात्र परीक्षेनेच कळते.

स्वाध्याय
१. माणिक व नील यांच्या रंगांत फरक का पडतो?
२. मोती इतर रत्नांहून वेगळा कसा?
३. ‘कठीण असणे’ आणि ‘न फुटणे’ यांतील भेद हिऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.