पाण्यात म्हैस, बाहेर मोल

रखमाबाईंची सुमन तालुक्याच्या कॉलेजात शिकते. ती हिशेबाचे शिक्षण घेते. आता पुष्कळ हिशेब वहीऐवजी लॅपटॉपवर होतात. लॅपटॉप म्हणजे घडी घालून पिशवीत नेता येतो असा संगणक. कॉलेजात संगणक आहेत. पण मुले पुष्कळ आणि संगणक थोडे. सुमनची पाळी येते, तोवर एस.टी.ची वेळ होते.

नवा लॅपटॉप परवडत नव्हता. रखमाबाईंनी एक शेळी विकली. तिचे ६,००० रुपये आले. बचत गटातून त्यांनी ८,००० रुपये कर्ज काढले. एकूण १४,००० रुपये झाले. एवढ्या पैशांत जुना लॅपटॉप घ्यायचा ठरले.

पण जुना घ्यायचा, तर पारखायचा कसा? रखमाबाई संगणक शिकवणाऱ्या मास्तरांकडे गेल्या. म्हणाल्या, "मास्तर, बैल घेताना मी त्याचे दात बघते. चार पावलं चालवून बघते. या यंत्राला दात कुठं असतात?"

मास्तर हसले. म्हणाले, "बाई, यालाही दात आहेत. आकडा वाचता आला की ते दिसतात."

रखमाबाईंना आकडे येत होते. रात्रीच्या वर्गात त्या मराठी आकडे शिकल्या होत्या. इंग्रजी आकडे त्या एस.टी.च्या पाटीवर आणि नोटांवर वाचत.

मास्तरांनी सांगितले, "मोठ्या कचेऱ्या आपले लॅपटॉप काही वर्षे वापरतात आणि मग विकून टाकतात. व्यापारी ते पुसून, दुरुस्त करून विकतात. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर असा माल मिळतो. आपल्या तालुक्यातही मिळतो. त्यात चांगला माल असतो, तसा टाकाऊही असतो. म्हणून आधी यंत्राची पिढी पाहावी.

"इंटेल कंपनीच्या आय-३, आय-५ या जातींत नावापुढे एक आकडा असतो. तो ५२०० असेल, तर ती पाचवी पिढी. ८२५० असेल, तर आठवी. सुरुवातीला १० किंवा ११ असेल, तर दहावी किंवा अकरावी. आठवी पिढी २०१७ साली निघाली. साधारणपणे त्या पिढीपासून पुढच्या यंत्रांवरच विंडोज ११ रीतसर चालते."

"आणि विंडोज १० असलं तर?" सुमनने विचारले.

"विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. यंत्र बंद पडत नाही. पण कुंपणाला भगदाड पडले, तर ते बुजवायला कोणी येत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. जुन्या यंत्रावर लिनक्स नावाची फुकट प्रणाली घालता येते. लिहिण्या-वाचण्याला ती पुरते. पण तुझा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजवर चालतो. म्हणून तुला आठवी पिढी तरी हवी."

दुसऱ्या दिवशी मायलेकी दुकानात गेल्या. दुकानदाराने एक चकचकीत लॅपटॉप पुढे ठेवला.

"घ्या मावशी! अगदी नव्यासारखा. फक्त ९,५०० रुपये."

"दादा, आधी चालू तर करा. पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल, असं आम्ही करत नाही."

दुकानदाराने लॅपटॉप चालू केला. तो उघडायला बराच वेळ लागला. सुमनने पडद्यावर यंत्राची माहिती काढली. रखमाबाईंनी बोट ठेवून आकडा वाचला. पाच, दोन, शून्य, शून्य.

"म्हणजे पाचवी पिढी," त्या म्हणाल्या. दुकानदार त्यांच्याकडे पाहतच राहिला.

सुमनने विजेची वायर काढली. पडदा लगेच काळा झाला. बॅटरी मेली होती. आपल्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. तिथे असे यंत्र काय कामाचे?

"बॅटरी नवी घाला की! २,२०० रुपयांत बसते," दुकानदार म्हणाला.

"आणि हा एवढा हळू का चालतो?" सुमनने विचारले.

"यात जुनी फिरती डिस्क आहे. तिच्या जागी एसएसडी घातली की पळेल. तिचे २,८०० रुपये."

सुमनने वहीत बेरीज मांडली.

यंत्र – ९,५०० रुपये
बॅटरी – २,२०० रुपये
एसएसडी – २,८०० रुपये
एकूण – १४,५०० रुपये

रखमाबाईंनी बेरीज वाचली. "हा स्वस्त कसला, दादा? एवढं घालूनही दात जुनेच राहणार. दुसरा दाखवा."

दुकानदाराने दुसरा काढला. त्याच्या झाकणावर ओरखडे होते. एक कोपरा घासला होता. पण आकडा होता ८२५०. त्यात विंडोज ११ होते. आत एसएसडी होती. रॅम, म्हणजे काम करताना सामान मांडायची जागा, ८ जीबी होती. ४ जीबीत काम दाटीवाटीने होते.

सुमनने वायर काढली आणि घड्याळ पाहिले. पाव तासात बॅटरी १०० वरून ९० वर आली. म्हणजे १५ मिनिटांत १० भाग गेले. १०० भागांना १५० मिनिटे लागतील. म्हणजे सुमारे अडीच तास. तोवर तिने एकेक करून सगळ्या कळा दाबून पाहिल्या. झाकण उघडून मिटून पाहिले. आवाज, कॅमेरा आणि इंटरनेट तपासले. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला लावले. जुन्या मालकाचे कुलूप तर राहिले नाही ना, ते पाहिले.

दुकानदाराने १५,००० सांगितले. घासाघीस होऊन १४,००० ला सौदा ठरला.

"पावती द्या," रखमाबाई म्हणाल्या. "यंत्राच्या पोटाखाली नंबर आहे, तो पावतीवर लिहा. महिनाभरात बिघडला तर तुम्ही दुरुस्त करून द्याल, तेही लिहा."

"मावशी, माझ्या शब्दावर विश्वास नाही का?"

"आहे की. पण शब्द वाऱ्यावर जातो, कागद पेटीत राहतो. आणि माल चोरीचा निघाला, तर पोलिसांना मी काय दाखवू?"

दुकानदाराने पावती लिहिली. रखमाबाईंनी पावतीवरचा नंबर आणि यंत्रावरचा नंबर एकेक आकडा लावून पाहिला. मगच पैसे मोजले.

परतीच्या एस.टी.त सुमनने लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेतली होती. ती म्हणाली, "आई, मी एकटी आले असते, तर तो चकचकीतच घेतला असता."

रखमाबाई म्हणाल्या, "शेळी गेली अन् गटाचे हप्ते अजून फेडायचेत. मग डोळे उघडे ठेवायला नकोत का?"

लक्षात ठेवा

१. आधी काम ठरवा, मग यंत्र पाहा.
२. रंग पाहू नका. पिढीचा आकडा वाचा.
३. वायर काढून पाव तास चालवून पाहा.
४. दुरुस्तीचा खर्च किमतीत मिळवा. मगच स्वस्त की महाग ते ठरवा.
५. नंबर लिहिलेल्या पावतीशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न

१. ९,५०० रुपयांचा लॅपटॉप रखमाबाईंनी का घेतला नाही?
२. एका लॅपटॉपची बॅटरी पाव तासात १०० वरून ८० वर आली. ती एकूण किती मिनिटे चालेल?
३. पावतीवर कोणत्या गोष्टी लिहून घ्याव्यात?