दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षा? होडीवरून शिकूया संभाव्यता



आमची शाळा मालवणजवळ, समुद्राच्या काठावर. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील मासेमारीला जातात. दहावीला 'संभाव्यता' शिकवताना नाणी आणि फासे टाकून झाले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आमच्या होडीला दोन इंजिनं आहेत, तरी बाबा परवा समुद्रात अडकले. असं कसं?"

फासे बाजूला ठेवले. फळ्यावर लिहिले: समजा, एक इंजिन १०० फेऱ्यांत एकदा बंद पडते. (हा आकडा फक्त गणितासाठी धरलेला आहे.) आता १०० गुणिले १०० घरांचा चौकोन डोळ्यांपुढे आणा. १०,००० घरांपैकी दोन्ही बंद पडण्याचे घर फक्त १. पण निदान एक बंद पडण्याची घरे किती? १०० + १०० − १ = १९९. म्हणजे दोन इंजिने घेतली की दुरुस्तीची कटकट जवळजवळ दुप्पट होते, आणि समुद्रात अडकण्याची भीती शंभरपट कमी. मुलांना हे फार आवडले.

मग तो मुलगा म्हणाला, "मग बाबांचं तेच एक घर लागलं?" नाही! दोन्ही इंजिनांच्या नळ्या एकाच टाकीत होत्या आणि पेट्रोलमध्ये पाणी गेले होते. एक बंद पडले, पाठोपाठ दुसरे. आपला गुणाकार दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच चालतो. टाकी एक असेल, तर पाणी शिरल्यावर इंजिने दोन असून उपयोग काय?

म्हणून जुळी आऊटबोर्ड इंजिने बसवणाऱ्या पालकांना मी आधी हेच विचारतो: दोघांची टाकी, फिल्टर, बॅटरी वेगळी आहे का? पाणी वेगळे करणारा फिल्टर दोन्हींना हवाच. पेट्रोलही दोन वेगवेगळ्या कॅनमधून भरलेले बरे.

निवडताना आणखी एक गैरसमज असतो. २० अश्वशक्तीच्या एका इंजिनाऐवजी १०-१० ची दोन लावली की वेग वाढत नाही. उलट वजन वाढते आणि पाण्यात दोन पाय बुडल्यामुळे अडथळाही वाढतो. मागच्या फळीला किती वजन पेलते, हे होडी बांधणाऱ्याला विचारावे. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पिते, पण जड असते. शक्य असल्यास दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरणारे घ्यावेत, म्हणजे होडी एका बाजूला ओढत नाही. आणि किनाऱ्यालगतच जाणाऱ्याने जुळ्यांच्या नादी लागू नये. एक चांगले आणि एक छोटे राखीव पुरे, असे माझे मत.

राखीव मात्र रोज थोडे चालवावे. नुसते टांगून ठेवले की कार्ब्युरेटरमध्ये जुने पेट्रोल चिकट होते आणि गरजेच्या वेळीच दगा देते.

देखभालीत खारे पाणी हाच मोठा शत्रू. परतल्यावर दोन्ही इंजिने दहा-पंधरा मिनिटे गोड्या पाण्यावर चालवावीत. चालू असताना बाजूने पाण्याची धार पडते का, ते बघावे. धार बारीक झाली तर इंपेलर झिजला किंवा वाट तुंबली. गिअरचे तेल दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरलेय. जस्ताचा तुकडा अर्धा झिजला की बदलावा, तो इंजिनाऐवजी स्वतः गंजतो. टू-स्ट्रोकला पुस्तिकेत ५०:१ दिले असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल. (गुणोत्तराचे आयते उदाहरण!)

मोठी कामे पावसाळी बंदीत, जून-जुलैत होतात. पण दोन्ही इंजिने एकाच हाताने, एकाच दिवशी खोलून जोडली, तर तीच चूक दोन्हीकडे झालेली असू शकते. पहिली फेरी किनारा दिसेल इतक्यातच मारावी.

आणि एक बंद पडलेच तर ते पाण्याबाहेर उचलावे आणि दुसऱ्यावर सावकाश परतावे. पंखे दोघांच्या जोरावर निवडलेले असतात. एकट्याला पूर्ण रेटले तर ते तापते.

गृहपाठ दिला होता: तुमच्या होडीवर दोन्ही इंजिनांना सामाईक काय काय आहे, त्याची यादी करा. टाकी, बॅटरी, नळी सगळ्यांनी लिहिले. एका मुलीने शेवटी लिहिले, 'चालवणारे बाबा.' तिच्या वडिलांनी आता सोबतच्या खलाशालाही इंजिन सुरू करायला शिकवलेय.