दोन गाड्यांमधील मिनिटे

बेंगळुरूच्या मेट्रो रेल्वेच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन १० ऑगस्ट २०२५ रोजी झाले. सुमारे १९ किलोमीटरांचा हा मार्ग आर. व्ही. रोड स्थानकापासून इलेक्ट्रॉनिक सिटीवरून बोम्मसंद्रच्या कारखान्यांकडे जातो. आर. व्ही. रोड येथे तो जुन्या हिरव्या मार्गाला मिळतो. रूळ व स्थानके सिद्ध होती. गाड्या मात्र तीनच होत्या. म्हणून आरंभी दर २५ मिनिटांनी एक गाडी सुटे.

हा आकडा कसा येतो ते पाहू. गाडी एका टोकाहून निघून, दुसऱ्या टोकाला दिशा बदलून, परत मूळ जागी सुटण्यास सज्ज होईपर्यंतचा काळ म्हणजे एक फेरी. या काळाला गाड्यांच्या संख्येने भागले की दोन गाड्यांमधील अंतर मिळते. तीन गाड्या व २५ मिनिटे, म्हणजे फेरी ७५ मिनिटांची झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात चौथी गाडी आली आणि अंतर १९ मिनिटांवर उतरले. नोव्हेंबरात पाचवी आली, तेव्हा ते १५ झाले. वाचकाने ७५ ला ४ व ५ यांनी भागून पाहावे.

आता गाडी बदलणाऱ्या प्रवाशाचा विचार करू. हिरव्या मार्गावर गाड्या दाट असल्याने बोम्मसंद्रहून येणाऱ्यास आर. व्ही. रोडवर फारसे थांबावे लागत नाही. आरंभीच्या काळात खरी अडचण तिकडे जाणाऱ्याची होती. त्याची गाडी अर्ध्या मिनिटाने चुकली, तर पुढची जवळजवळ २५ मिनिटांनी येई. अवचित येणाऱ्यास सरासरीने साडेबारा मिनिटेच थांबावे लागे हे खरे. परंतु कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेणारा सरासरी विचारीत नाही. कामगाराला रोज पूर्ण २५ मिनिटे हाताशी ठेवूनच घर सोडावे लागे.

यावर उपाय म्हणजे सुटण्याच्या वेळा नेमून त्या जाहीर करणे आणि जिना चढून फलाटावर पोहोचण्यापुरता अवकाश जोडणीत ठेवणे. तरुणाच्या पावलांनी हा अवकाश मोजला, तर वृद्धाची गाडी रोज चुकेल.

वेळा लक्षातही राहिल्या पाहिजेत. ७ वाजता निघालेल्या गाडीमागून दर २५ मिनिटांनी गाड्या सोडल्या, तर ७.२५, ७.५०, ८.१५ असे होत पुन्हा बरोबर तासाच्या ठोक्याला गाडी सुटते ती थेट १२ वाजता. १९ मिनिटांच्या अंतराने तर हे चक्र पुरे होण्यास १९ तास लागतात! १५ हा आकडा ६० ला निःशेष भागतो, म्हणून प्रत्येक तासाला तीच मिनिटे येतात. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभराचे वेळापत्रक अशा पुनरावृत्तीवरच बसविले. आमच्या मते चार गाड्या असताना १९ पेक्षा २० मिनिटेच बरी: एक मिनिट जाते, परंतु फेरी ८० मिनिटांची होऊन उशीर भरून काढण्यास पाच मिनिटे मिळतात.

सहा गाड्यांचे गणित अधिक मौजेचे आहे. भागाकार साडेबारा येतो. सोयीचे अंतर १२. ते हवे, तर फेरी ७२ मिनिटांत बसली पाहिजे. ही तीन मिनिटे वेग वाढवून मिळवणे कठीण, टोकाच्या स्थानकांवर सोपे. तेथे चालक उतरून गाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. त्या टोकाशी दुसरा चालक आधीच उभा ठेवला, तर गाडी लवकर परत फिरते.