धांवणाराचें हृदय व मल्लाचें हृदय

हृदय हा एक पोकळ स्नायूच होय. आणि स्नायूस जसें काम द्यावें तसा तो घडतो. तेव्हां सर्व व्यायाम हृदयास सारखेच, ही विद्यार्थ्यांतील समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

दूर पल्ल्याचें धांवणें घ्या. त्यांत हृदयाकडे परत येणारें रक्त पुष्कळ वाढतें व तें सामावून घेतां घेतां हृदयाचा खालचा डावा कप्पा विस्तृत होतो. स्वस्थ बसलेल्या सामान्य मनुष्याचें हृदय मिनिटास सुमारें ७० ठोके देतें व दर ठोक्यास सुमारें ७० घनसेंटिमीटर, म्हणजे मिनिटास जवळजवळ ५ लिटर रक्त पुढें ढकलतें. मुरलेल्या धांवपटूचें हृदय तितकेंच काम ५० ठोक्यांत उरकतें. हा लाभ लहान नव्हे. कारण हृदयाच्या स्वतःच्या पोषणाचें रक्त बहुतेक दोन ठोक्यांमधील विसाव्यांतच त्यास मिळतें.

अवजड भार उचलतांना प्रकार निराळा. आवळलेले स्नायु रक्तवाहिन्या दाबून धरतात व रक्तदाब एकदम चढतो. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅनडांतील एका प्रयोगांत, दोन्ही पायांनीं भार रेटणाऱ्या कसलेल्या पुरुषांचा वरचा दाब सरासरी ३२० पर्यंत गेला. एरव्हीं तो १२० च्या आसपास असतो. श्वास कोंडल्यास दाब आणखी वाढतो, म्हणून भार उचलतांना श्वास सोडावा.

खेळाडूंचें हृदय मोठें असतें हें स्वीडनचे हेन्शेन यांनीं १८९९ सालीं केवळ छाती बोटांनीं ठोकून ओळखलें! पुढें १९७५ सालीं अमेरिकेंत मॉर्गनरॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ध्वनिलहरींच्या साहाय्यानें पाहिलें, तों धांवणारे व पोहणारे यांचा कप्पा विस्तृत, तर कुस्तीगीर व गोळाफेक करणारे यांची हृदयभित्ति जाड आढळली. हा भेद इतका रेखीव नाहीं, असें नंतरच्या संशोधनावरून दिसतें. वल्हीं मारणारांत तर दोन्ही फरक एकत्र आढळतात. आमच्या मतें तालमींतील न थांबता काढलेल्या शेंकडों बैठकाही धांवण्याच्याच अधिक जवळच्या होत.

परंतु जाड झालेली प्रत्येक भित्ति व्यायामाचीच नसते. कांहीं घराण्यांत ती जन्मजात रोगानें जाड होते, व असा तरुण खेळतांना अकस्मात् कोसळूं शकतो. म्हणून मैदानावर मूर्च्छा आलेल्या मुलास अशक्त म्हणून हिणवूं नये. त्याची डॉक्टरांकडून तपासणी करवावी. संशय राहिल्यास डॉक्टर कांहीं महिने व्यायाम बंद करवितात. व्यायामानें आलेली जाडी त्या काळांत ओसरते. रोगाची तशीच राहते.