उत्तर उतरवून घ्या

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये, म्हणजे जीएमआरटीमध्ये, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात दाटीने आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पसरलेल्या तीन भुजांवर उभ्या आहेत. प्रत्येक अँटेनाला छोटे नाव आहे. मध्यवर्ती भागातील नावे सी-०० पासून सी-१४ पर्यंत जातात, मात्र त्यांत सी-०७ नाही. पूर्व भुजेवर ई-०२ ते ई-०६, पश्चिम भुजेवर डब्ल्यू-०१ ते डब्ल्यू-०६, तर दक्षिण भुजेवर एस-०१ ते एस-०४ आणि त्यानंतर एकदम एस-०६ येते. अशी नावे माणसाला सोयीची असतात, परंतु संगणकांच्या जाळ्यातील निरोप आकडी पत्त्यावरच पोहोचतो, आणि नावावरून पत्ता काढून देण्याचे काम सी भाषेच्या ग्रंथालयातील काही फंक्शने करतात. या फंक्शनांच्या वापरात कोणत्या चुका पुनःपुन्हा होतात हे समजण्यासाठी वरील ३० नावांची ३० यंत्रे एका जाळ्यावर आहेत असे अभ्यासापुरते मानू. वेधशाळेच्या प्रत्यक्ष यंत्रणेचे हे वर्णन नव्हे.

जाळ्यावरील यंत्राला होस्ट म्हणतात आणि होस्टची नावे व पत्ते यांच्या नोंदींना होस्ट डेटाबेस. अर्पानेटच्या काळात संपूर्ण जाळ्याची नावे एकाच मजकुरी फाइलमध्ये मावत, आणि ती फाइल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्राकडून सर्वांना मिळे. जाळे वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडली, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली, ज्यात नावांची जबाबदारी अनेक सर्व्हरांमध्ये वाटलेली असते. तरीही युनिक्स व लिनक्स यंत्रांवर ईटीसी निर्देशिकेतील होस्ट्स ही छोटी फाइल टिकून राहिली आणि बहुतेक यंत्रांवर आधी ती फाइल व मग डीएनएस असा क्रम असतो. एखाद्या यंत्राचा पत्ता बदलल्यावर डीएनएसमध्ये दुरुस्ती झाली, पण फाइलमधील जुनी ओळ तशीच राहिली, तर प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर जात राहतो आणि दोष केबलमध्ये किंवा स्विचमध्ये शोधला जातो.

गेटहोस्टबायनेम हे फंक्शन नाव घेते आणि होस्टेंट नावाच्या रचनेचा पॉइंटर परत देते. या रचनेत यंत्राचे अधिकृत नाव, पर्यायी नावांची यादी, पत्त्याचा प्रकार, पत्त्याची बाइटमधील लांबी आणि पत्त्यांची यादी असे पाच घटक असतात. गेटहोस्टएंट हे फंक्शन मात्र नाव न घेता पुढची नोंद वाचून देते. सेटहोस्टएंटने वाचन आरंभाला नेता येते आणि एंडहोस्टएंटने ते संपवता येते. डीएनएसला "तुझ्याकडील सगळी नावे सांग" असे सामान्यतः विचारता येत नसल्यामुळे गेटहोस्टएंटचा उपयोग व्यवहारात स्थानिक फाइलपुरताच उरतो आणि त्याच्या आधारे जाळ्यावरील सर्व यंत्रे मोजू पाहणाऱ्याची फसगत होते.

सर्वांत घातक चूक मात्र परत आलेल्या पॉइंटरविषयी होते. ती होस्टेंट रचना विचारणाऱ्याच्या मालकीची नसून ग्रंथालयाने स्वतःपाशी ठेवलेल्या एकाच स्थिर जागेत असते. ग्रंथालयाकडे उत्तर लिहायला जणू एकच पाटी असते आणि पुढचा प्रश्न येताच ती पुसली जाते. सी-०२ चा पत्ता विचारून पॉइंटर एका चलात ठेवला, मग डब्ल्यू-०६ चा पत्ता विचारून तो दुसऱ्या चलात ठेवला, तर दोन्ही चले डब्ल्यू-०६ कडेच बोट दाखवू शकतात आणि मध्यवर्ती अँटेनासाठी लिहिलेली आज्ञा पश्चिम भुजेच्या टोकाला जाते. त्रुटीचा संदेश येत नाही, प्रोग्रॅम कोसळत नाही, आणि म्हणूनच ही चूक दीर्घकाळ लपून राहते. रचनेची नुसती प्रत काढल्यानेही भागत नाही, कारण तिच्यातील नावे व पत्ते हेदेखील पॉइंटरच असून ते त्याच सामायिक जागेत नेतात; पत्त्याची लांबी आपल्या जागेत मावते का हे तपासून प्रत्यक्ष बाइट स्वतःच्या जागेत उतरवून घेणे हाच योग्य मार्ग आहे. एकाच वेळी अनेक थ्रेड चालत असतील, किंवा आपण वापरलेले दुसरे ग्रंथालय आतून हेच फंक्शन बोलावत असेल, तर स्वतःच्या दोन ओळींमध्ये काही नाही एवढ्या भरवशावर राहता येत नाही.

दुसरी चूक अपयशाच्या वाचनात होते. शून्यापासून चौदापर्यंत आकडे फिरवून नावे बनवणारा प्रोग्रॅम सी-०७ विचारतो, फंक्शन नल पॉइंटर देते, आणि तो न तपासता वापरल्यास प्रोग्रॅम तिथेच कोसळून पुढील सात यंत्रे वाऱ्यावर राहतात. नल तपासणारे अनेक जण कारण मात्र चुकीच्या ठिकाणी शोधतात: या फंक्शनांची त्रुटी नेहमीच्या एररनो या चलात नव्हे, तर एच-एररनो या वेगळ्या चलात असते, त्यामुळे पीएरर वापरल्यास भलताच संदेश छापला जातो. "नाव अस्तित्वात नाही" आणि "सर्व्हरने आत्ता उत्तर दिले नाही, पुन्हा विचारा" यांतील भेद इथे फार महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या प्रसंगी नाव दुरुस्त करायचे असते, तर दुसऱ्या प्रसंगी थोडे थांबून पुन्हा विचारायचे असते. लिनक्सवरील ग्नू सी ग्रंथालय प्रत्येक सर्व्हरच्या उत्तराची मुळात ५ सेकंद वाट पाहते आणि दोन फेऱ्या करते. तेवढा वेळ प्रोग्रॅम अडकून राहत असल्यामुळे वेळेशी बांधलेल्या आज्ञांच्या मधोमध हा शोध घेऊ नये.

हे फंक्शन आतूनही निर्दोष नव्हते. २००० पासून ग्नू सी ग्रंथालयात राहिलेला आणि २०१५ च्या जानेवारीत घोस्ट या नावाने जाहीर झालेला सुरक्षादोष गेटहोस्टबायनेमच्याच वाटेने पोहोचता येण्याजोगा होता. दुरुस्ती २०१३ मध्येच झाली होती, पण तिचे सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्व तेव्हा ओळखले गेले नाही.

पॉझिक्स मानकाने २००८ च्या आवृत्तीत गेटहोस्टबायनेम वगळले असून त्याच्या जागी गेटअ‍ॅड्रइन्फो वापरायचे असते, जे आयपीच्या चौथ्या व सहाव्या दोन्ही आवृत्त्यांचे पत्ते देते, थ्रेडमध्ये सुरक्षित असते आणि प्रत्येक उत्तरासाठी वेगळी जागा घेते. ही जागा फ्रीअ‍ॅड्रइन्फोने परत करावी लागते. महिनोन्‌महिने अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते राहून गेले तर स्मृती हळूहळू संपते. यशाची खूण म्हणून शून्य परत येते आणि त्रुटीचा अर्थ गाय-स्ट्रएरर या फंक्शनाकडून मिळतो.

उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम त्यांच्या लेखकांपेक्षा जास्त टिकतात, त्यामुळे आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आज सी शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही उद्या असा जुना प्रोग्रॅम येऊ शकतो. तो हाती येताच त्यात गेटहोस्टबायनेम शोधावे आणि प्रत्येक ठिकाणी परत आलेला पत्ता पुढच्या विचारणेआधी उतरवून घेतला आहे का, हे सर्वप्रथम पाहावे.